ज्या खात्याचा घरशाळेशी संबंध नाही, त्या खात्याची निवडणूक

५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात रिपब्लिकन पक्षांतर्गत निवडणुकीत राज्याच्या विद्यमान शिक्षण अधीक्षक कॅथरीन ट्रुइट यांचा पराभव झाला. ट्रुइट पूर्वी इंग्रजीच्या शिक्षिका होत्या, २०२० मध्ये त्या या पदावर निवडून आल्या होत्या आणि पक्षातील बहुतेक प्रस्थापितांचा कल त्यांच्याकडे होता. त्यांना हरवणाऱ्या मिशेल मॉरो व्यवसायाने परिचारिका. सरकारी शाळांच्या कारभाराचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता आणि स्वतःच्या मुलांना त्यांनी घरीच शिकवले होते. मतांमधील अंतर फार नव्हते, साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्के. पण त्या रात्रीपासून नोव्हेंबरपर्यंत राज्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला: जिने आपली मुले सरकारी शाळेत घातली नाहीत, तिच्या हाती सरकारी शाळा द्याव्यात का?

हा प्रश्न वरवर होमस्कूलिंगचा दिसतो. प्रत्यक्षात तो होमस्कूलिंगचा नव्हता, आणि या प्रकरणातून शिकण्यासारखे जे आहे ते नेमके या गफलतीत आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांनी उमेदवारांची भूमिका जाणून घ्यावी यात गैर काही नाही. पण ज्या पदासाठी ही निवडणूक होती त्या पदाला घरशाळेवर अधिकारच नाही. तरीही उमेदवारांची भूमिका कळण्याच्या जागा होत्या. त्या शोधायच्या तर आधी पद आणि कायदा या दोन्हींची बैठक समजून घ्यावी लागते.

पदाची बैठक

नावावरून घोटाळा होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगितलेले बरे. आपल्याकडे शिक्षणाधिकारी म्हटले की जिल्हा परिषदेतला अधिकारी डोळ्यांपुढे येतो, जो शासन नेमते आणि शासनच बदलते. नॉर्थ कॅरोलिनातील शिक्षण अधीक्षक हे राज्यघटनेने निर्माण केलेले, थेट मतदारांनी चार वर्षांसाठी निवडून द्यायचे पद आहे. राज्यपाल, महाधिवक्ता, कोषाध्यक्ष, कृषी आयुक्त अशा दहा निर्वाचित पदांपैकी ते एक. सुमारे १५ लाख विद्यार्थी आणि ११५ शालेय जिल्हे असलेल्या सरकारी शिक्षण विभागाचा कारभार अधीक्षक पाहतात. धोरण ठरवण्याचा अधिकार मात्र घटनेने राज्य शिक्षण मंडळाला दिला आहे. या मंडळावर उपराज्यपाल, कोषाध्यक्ष आणि राज्यपालांनी नेमलेले ११ सदस्य असतात. अधीक्षक हे मंडळाचे सचिव आणि मुख्य प्रशासकीय अधिकारी. पैसे विधिमंडळाच्या हातात. मंडळ मोठे की अधीक्षक मोठे हा वाद इतका जुना आहे की २०१६ मध्ये विधिमंडळाने मंडळाचे काही अधिकार अधीक्षकांकडे वळवले तेव्हा मंडळ न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

या साऱ्या मांडणीत घरशाळा कुठेच बसत नाही. तिचे खाते वेगळे आहे. नॉर्थ कॅरोलिनात खासगी शाळा आणि घरशाळा या दोन्हींची नोंद ‘बिगर-सरकारी शिक्षण विभाग’ ठेवतो, आणि तो विभाग शिक्षण खात्याखाली नसून सामान्य प्रशासन खात्याखाली आहे. सरकारी इमारती, वाहने आणि खरेदी सांभाळणाऱ्या खात्याकडे लाखाच्या घरातील घरशाळांची दप्तरे असावीत हे विचित्र वाटेल, पण हा अपघात नाही. सत्तरच्या दशकात काही ख्रिस्ती शाळांनी शिक्षण मंडळाच्या अटी पाळायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर १९७९ मध्ये विधिमंडळानेच कायदा बदलून बिगर-सरकारी शाळा शिक्षण मंडळाच्या कक्षेबाहेर काढल्या. सरकारी शाळा चालवणाऱ्यांकडे त्यांच्या स्पर्धकांची तपासणी नको, असा त्यामागचा विचार. घरशाळेला हे कवच पुढे आयतेच मिळाले.

कायद्याची बैठक

राज्यघटनेतील सक्तीच्या शिक्षणाच्या कलमातच एक पळवाट म्हणा किंवा वाट म्हणा, ठेवलेली आहे. प्रत्येक मुलाने सरकारी शाळेत जावे, ‘अन्य मार्गाने शिक्षण मिळत नसेल तर’, अशा अर्थाचे ते कलम १८६८ पासून चालत आले आहे. ‘अन्य मार्ग’ म्हणजे नेमके काय, याचा निकाल लागायला ११७ वर्षे जावी लागली. हार्नेट काउंटीतील एका वडिलांनी मुलांना घरी शिकवायला सुरुवात केली, स्थानिक अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, आणि ‘डेलकॉन्टे विरुद्ध राज्य’ या खटल्यात १९८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती जेम्स एक्झम यांनी लिहिलेला तो निकाल जपून वाचण्यासारखा आहे. घरी शिकवणे हा घटनादत्त हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटलेच नाही. त्यांनी एवढेच म्हटले की सध्याच्या कायद्यातील ‘शाळा’ या शब्दात घर बसत नाही असे कुठे लिहिलेले नाही. विधिमंडळाला बंदीच घालायची असेल तर त्याने ती स्पष्ट शब्दांत घालावी, मग घटनेचा प्रश्न पाहू.

विधिमंडळाने बंदी घातली नाही, १९८८ मध्ये नियम घातले. जास्तीत जास्त दोन कुटुंबांतील मुलांची मिळून एक घरशाळा. शिकवणाऱ्याकडे किमान उच्च माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र किंवा त्याच्या तोडीचे शिक्षण. वर्षातून किमान नऊ महिने नियमित शिकवणे. हजेरीची आणि लसीकरणाची नोंद. आणि दरवर्षी इंग्रजी व्याकरण, वाचन, शुद्धलेखन व गणित या विषयांची एक राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणित चाचणी. २०१३ मध्ये एक दुरुस्ती झाली आणि शिकवणे घरातल्याच माणसांनी करावे हे बंधन सैल झाले. त्यामुळे शिकवणी लावणे किंवा चार घरांनी मिळून आठवड्यातून एकदा रसायनशास्त्राचा वर्ग भरवणे कायद्यात बसू लागले.

हे सारे प्रत्यक्षात कसे घडते ते जवळून पाहिले की उमेदवारांच्या भाषणांचे खरे वजन कळते. मूल सात वर्षांचे झाले की सक्तीचे वय सुरू होते, तेव्हा पालक विभागाच्या संकेतस्थळावर ‘उद्देशाची सूचना’ भरतात. त्यात आपल्या घरशाळेला एक नाव द्यायचे असते, आणि ती धार्मिक शाळा की स्वतंत्र शाळा हे ठरवून खूण करायची असते. शिकवणाऱ्याचे प्रमाणपत्र जोडायचे. मे आणि जून हे दोन महिने सूचना स्वीकारली जात नाही. १ जुलैला खिडकी उघडते. पोच मिळाली की मुलाचे नाव सरकारी शाळेतून काढायचे. या कागदावर शिक्षण अधीक्षकांची सही नसते, शिक्का नसतो, त्यांच्याकडे त्याची प्रतही जात नाही. वर्षाअखेरीच्या चाचणीचा निकाल तर कोणाकडेच जात नाही. तो वर्षभर घरी जपून ठेवायचा आणि मागितला तर दाखवायचा. किमान किती गुण हवेत, याबद्दल कायद्यात एक शब्दही नाही. २०२० च्या महासाथीत १ जुलैला इतक्या पालकांनी एकदम सूचना भरायला घेतल्या की विभागाचे संकेतस्थळ बंद पडले होते.

घरी शिकणाऱ्या मुलांचा आकडा लहान नाही. २०१४ च्या सुमारास राज्यातील घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या (सुमारे ९८ हजार) खासगी शाळांमधील मुलांपेक्षा अधिक झाली, आणि आता ती दीड लाखाच्या पुढे आहे. अर्थात हा अंदाज आहे. विभाग घरशाळांची संख्या मोजतो, मुलांची संख्या त्यावरून काढतो.

उमेदवार

नोव्हेंबरच्या लढतीत मॉरो यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचे मो ग्रीन होते. ग्रीन पेशाने वकील. शार्लट-मेक्लेनबर्ग या मोठ्या शालेय जिल्ह्यात त्यांनी कायदा अधिकारी म्हणून आणि नंतर उपप्रमुख म्हणून काम केले, २००८ ते २०१५ या काळात गिलफर्ड काउंटीच्या शाळांचे ते प्रमुख होते. दोन उमेदवारांच्या अनुभवात याहून मोठी दरी क्वचितच पाहायला मिळते.

मॉरो यांची भूमिका सरळ होती असे म्हणता येत नाही. त्यांनी सरकारी शाळांना विचारसरणी लादणारी केंद्रे म्हटले होते, राज्य शिक्षण मंडळ रद्द करावे अशी मागणी केली होती, आणि तरीही त्याच शाळांच्या प्रमुखपदासाठी त्या उभ्या होत्या. शाळांतील सुरक्षितता, मूलभूत विषयांवर भर आणि पालकांचे हक्क हे त्यांच्या प्रचाराचे विषय होते. घरी शिकवणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. ती त्यांची ओळख होती. शाळेवर नाराज असलेल्या पालकांना ती ओळखच जाहीरनाम्यासारखी वाटली, आणि शिक्षकांना ती धोक्याच्या घंटेसारखी. मग मार्चमध्येच त्यांचा समाजमाध्यमांवरचा २०२० चा मजकूर उजेडात आला, ज्यात बराक ओबामा यांच्यासह डेमोक्रॅटिक नेत्यांना देहदंड द्यावा अशा आशयाची विधाने होती. ट्रम्प समर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला त्या दिवशी, ६ जानेवारी २०२१ रोजी, त्या वॉशिंग्टनमध्ये होत्या हेही चर्चेत आले. पुढच्या सात महिन्यांत शिक्षणाविषयीची उरलीसुरली चर्चा या गदारोळात दबली.

ग्रीन यांची भूमिका समजायला सोपी आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिली. त्यांचा भर सरकारी शाळांवर, शिक्षकांच्या पगारावर आणि निधीवर होता. घरशाळेच्या नियमांना हात घालणे हा त्यांच्या प्रचाराचा विषय नव्हता. त्यांचा विरोध होता तो सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळवण्याला.

उमेदवाराची घरशाळेबद्दलची खरी भूमिका कळण्याची पहिली जागा हा पैशाचा प्रश्न, असे मला वाटते. नॉर्थ कॅरोलिनात ‘ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिप’ नावाची योजना २०१४ पासून चालू आहे. खासगी शाळेच्या शुल्कासाठी राज्य पालकांना पैसे देते. आधी ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरती होती. २०२३ मध्ये विधिमंडळाने उत्पन्नाची अट काढून टाकली आणि २०२४-२५ पासून श्रीमंत घरांनाही, कमी प्रमाणात का होईना, ती खुली झाली. सुमारे ५४ हजार अर्ज प्रतीक्षा यादीत अडकले. ती यादी संपवण्यासाठी विधिमंडळाने ४६ कोटी ३० लाख डॉलरची तरतूद केली, राज्यपाल रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला आणि निवडणूक होऊन गेल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधिमंडळाने तो नकार उलटवला. मॉरो आणि ट्रुइट दोघीही पालकांच्या निवडीच्या बाजूच्या, ग्रीन विरोधात.

पण ही स्कॉलरशिप नोंदणीकृत खासगी शाळेसाठी आहे, घरशाळेला ती मिळत नाही. इथे घरी शिकवणाऱ्यांच्या गोटातच दोन तट पडतात, आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाहीत. एक तट म्हणतो, आम्हीही कर भरतो, मग आमची पुस्तके आणि चाचण्या आमच्याच खर्चाने का? दुसरा तट अधिक जुना आणि अधिक सावध आहे. सरकारी पैसा आला की त्यामागून हिशेब येतो, हिशेबामागून तपासणी, आणि तपासणीमागून अभ्यासक्रम, असे तो सांगतो. १९८३ मध्ये स्थापन झालेली, घरी शिकवणाऱ्या पालकांना कायदेशीर संरक्षण देणारी राष्ट्रीय संघटना या दुसऱ्या तटाची आहे. म्हणजे ‘पालकांच्या निवडीला पाठिंबा’ असे सांगणारा उमेदवार घरशाळेचा मित्र असेलच असे नाही, आणि ‘सरकारी पैसा फक्त सरकारी शाळांना’ म्हणणारा उमेदवार तिचा शत्रू ठरत नाही. किंबहुना सावध तटाच्या दृष्टीने ग्रीन यांच्या धोरणात घरशाळेला अधिक शांतता होती, हे कोणी मोठ्याने बोलले नाही इतकेच.

दुसरी जागा पटसंख्येची. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे दुःख त्यांच्या ओळखीचे आहे. नॉर्थ कॅरोलिनातही शालेय जिल्ह्याला राज्याकडून मिळणारा निधी बराचसा सरासरी पटावर अवलंबून असतो. वर्गातील दोन मुले घरशाळेत गेली म्हणून वर्ग बंद होत नाही, बसचे भाडे कमी होत नाही, पण निधी कमी होतो.  अधीक्षक घरशाळा थांबवू शकत नाहीत. मात्र मुले का जात आहेत याचे उत्तर शोधणे, ती परत यावीत असे काही करणे, किंवा पटाशी बांधलेले सूत्र बदला म्हणून विधिमंडळाकडे आग्रह धरणे हे त्यांच्या हातात आहे. हा प्रश्न उमेदवारांना विचारायला हवा होता.

तिसरी जागा छोटी, पण रोजच्या जगण्याची. घरी शिकणारे सोळा वर्षांचे मूल वाहन चालवायला शिकते ते सरकारी शाळेच्या यंत्रणेमार्फत, कारण हे प्रशिक्षण सर्व किशोरांना खुले आहे. त्याच मुलाला सामुदायिक महाविद्यालयात शुल्काविना काही विषय शिकता येतात. राज्याच्या आभासी (ऑनलाइन) शाळेचे अभ्यासक्रमही शुल्क भरून मिळू शकतात. म्हणजे दार बंद असले तरी फटी आहेत, आणि या फटी रुंद ठेवायच्या की अरुंद यावर शिक्षण खात्याचा थोडा का होईना प्रभाव पडतो.

मतदार

मॉरो राहत होत्या केरी या शहरात, वेक काउंटीत. ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ या कंपन्या आणि प्रयोगशाळांच्या संशोधन उद्यानाच्या कुशीतील केरी आणि मॉरिसव्हिल ही गावे भारतीयांनी, आणि त्यात मराठी माणसांनी, भरलेली आहेत. २०२२ मध्ये मॉरो यांनी याच भागातून काउंटीच्या शाळा मंडळाची निवडणूक लढवली होती आणि त्या हरल्या होत्या. इथल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांची मुले सरकारी शाळेत जातात. घर घेतानाच कोणती शाळा लागते हे पाहून घेतलेले असते. ज्यांच्या हाती अजून कामाचा व्हिसाच आहे त्यांना मत नाही. ज्यांनी नागरिकत्व घेतले त्यांच्यापुढे मात्र हा प्रश्न अगदी घराजवळचा होता, कारण उमेदवार शेजारच्या गल्लीतली आणि शाळा आपल्या मुलांची.

मायदेशातून गेलेल्या माणसाला यात अडखळायला होते ते वेगळ्या कारणाने. आपल्याकडे हा विषय निवडणुकीत येतच नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वयासाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण घरी शिकवण्याला ना उघड परवानगी आहे ना उघड मनाई. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात असे मूल कोणत्या रकान्यात घालायचे हाच प्रश्न पडतो. पुढे दहावीच्या वेळी पालक बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा अर्ज किंवा मुक्त विद्यालयाचा मार्ग धरतात आणि प्रश्न मिटतो. शिक्षणमंत्री मुख्यमंत्री ठरवतात. त्यांची घरशाळेबद्दलची भूमिका काय, हे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी नॉर्थ कॅरोलिनात डोनाल्ड ट्रम्प जिंकले, सुमारे तीन टक्क्यांनी. त्याच मतपत्रिकेवर राज्यपालपद डेमोक्रॅटिक जॉश स्टाइन यांनी मोठ्या फरकाने घेतले, दहा निर्वाचित पदे दोन पक्षांत पाच-पाच विभागली गेली आणि शिक्षण अधीक्षकपद मो ग्रीन यांना सुमारे ५१ टक्के मतांनी मिळाले. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्या काहींनी शिक्षणाच्या ओळीवर येऊन बाजू बदलली. ती मॉरो यांनी मुले घरी शिकवली म्हणून बदलली, की त्यांच्या जुन्या मजकुरामुळे, की ग्रीन यांच्या अनुभवामुळे, हे मतांच्या बेरजेवरून सांगता येत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. एक गोष्ट मात्र मतांच्या आकड्यात दिसते: सुमारे ४९ टक्के मतदारांना घरी शिकवणारी आई सरकारी शाळांची प्रमुख होण्यात अडचण वाटली नाही, किंवा वाटली तरी ती पक्षापुढे गौण ठरली.

ग्रीन यांनी जानेवारी २०२५ मध्ये पदभार घेतला. घरशाळेची सूचना त्यांच्या कार्यालयाकडे येत नाही, तशीच ती मॉरो निवडून आल्या असत्या तरी आली नसती.